‘सैफ’ आणि ‘स़ैफ’: बोली अरबीतील जड व्यंजने शेजारच्या स्वरांचे काय करतात

अरबी बोलायला शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे. तलवारीला ‘सैफ’ म्हणतात आणि उन्हाळ्याला ‘स़ैफ’. हे शब्द ऐकताना त्याला दोन्ही ‘स’ जवळजवळ सारखेच वाटतात. वेगळा वाटतो तो पुढचा स्वर. असे असताना पुस्तके हा फरक व्यंजनाचा का मानतात? शिवाय ‘तहानलेला’ या अर्थाचा एकच शब्द कैरोचा माणूस आणि पॅलेस्टाइनचा माणूस उच्चारतो तेव्हा शेवटचा ‘आ’ निरनिराळा का ऐकू येतो?

विद्यार्थ्याचा कान चुकत नाही, हे आधी सांगतो. जडपणा, म्हणजे ‘स़’ला ‘स’हून वेगळा करणारा गुण, व्यंजन उच्चारताना निर्माण होतो, पण ऐकणाऱ्याला तो मुख्यतः स्वरातून कळतो. ‘स’सारख्या घर्षक ध्वनीत तर हे फारच ठळक आहे, कारण दातांमागून निघणाऱ्या सीत्काराचा आवाज दोन्ही ‘स’मध्ये बराचसा सारखा असतो आणि घशातल्या बदलाचा ठसा हवेचा मार्ग मोकळा झाल्यावर, म्हणजे स्वर सुरू झाल्यावरच स्पष्ट उमटतो. त्यामुळे जो शिकणारा ‘स’ आणि ‘स़’ यांच्यातच फरक शोधत बसतो, त्याचा शोध चुकीच्या जागी चाललेला असतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की हा ठसा शब्दात किती दूरपर्यंत पोचतो हे प्रत्येक बोली आपापल्या नियमाने ठरवते. या दोन विधानांचा तपशील आता पाहू.

लेखनाविषयी एक खुलासा करतो. स़, त़, द़ आणि ज़ ही नुक्ता दिलेली चार अक्षरे अरबीतील चार जड व्यंजनांसाठी वापरली आहेत. त्यांची अरबी नावे स़ाद, त़ा, द़ाद आणि ज़ा. क़ आणि ग़ हे मात्र उर्दूप्रमाणे पडजिभेजवळचे ध्वनी समजावेत. ते या चौघांच्या जवळचे असले तरी त्यांच्यातले नाहीत. घशातला ‘ह’ आणि ‘ऐन’ हे ध्वनी मी साध्या ह आणि अ यांनीच दाखवले आहेत.

‘स़’ उच्चारताना जिभेचे टोक ‘स’च्याच जागी जाते. त्याच वेळी जिभेचे मूळ आणि मागचा भाग घशाच्या मागच्या भिंतीकडे ओढला जातो आणि पडजिभेच्या खालची पोकळी आकसते. ही एकाच वेळी घडणारी दुसरी हालचाल हाच जडपणा. जीभ हा अनेक स्नायूंचा, पण एकसंध अवयव आहे. तिचे मूळ मागे खेचले की मधला भाग खाली दबतो, आणि तोंडाची पुढची पोकळी मोठी होते. अशी मागे गेलेली जीभ पुढच्या स्वरासाठी क्षणात पूर्वस्थितीला येऊ शकत नाही. तिला तसे यावे लागेल अशी बहुतेक बोलींची अपेक्षाही नसते. म्हणून व्यंजनाबरोबर स्वरही मागे सरकतो.

ध्वनिमापनात हा बदल दुसऱ्या फॉर्मंटच्या घसरणीत दिसतो. फॉर्मंट म्हणजे मुखपोकळीच्या आकारामुळे ज्या कंपनसंख्यांना जोर मिळतो त्यांचे पट्टे; त्यांतला दुसरा पट्टा जीभ पुढे आहे की मागे याची खूण देतो. पुरुषाच्या आवाजात साध्या व्यंजनाशेजारचा दीर्घ ‘आ’ घेतला तर हा पट्टा साधारण १५०० ते १७०० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि जड व्यंजनाशेजारी तो साधारण १००० ते १२०० हर्ट्झपर्यंत उतरतो. पहिला फॉर्मंट थोडा वर चढतो, पण त्या बदलाचे प्रमाण लहान असते. कानाच्या दृष्टीने पाचशे हर्ट्झची घसरण फार मोठी आहे. मराठीत इंग्रजीतून आलेल्या ‘बॅट’मधला ‘ॲ’ आणि ‘ऑफिस’मधला ‘ऑ’ आठवावा. कैरोतला साधा ‘आ’ पहिल्याकडे झुकतो, तर जड शेजारातला ‘आ’ दुसऱ्याकडे, फक्त त्यात ओठ गोल होत नाहीत. कैरोच्या बोलीत ‘बस्स’ म्हणजे पुरे, किंवा पण. आणि ‘बस़्स़’ म्हणजे पाहिले. शब्दाचा फक्त स्वर कापून ऐकवला, तरी कैरोचा माणूस बहुधा शब्द ओळखेल.

तीन मूळ स्वरांवर हा परिणाम सारख्या प्रमाणात होत नाही. सर्वांत मोठा बदल ‘अ’ आणि ‘आ’मध्ये होतो, कारण जीभ खाली असताना तिला पुढे-मागे सरकायला भरपूर मोकळीक असते. ‘उ’ आणि ‘ऊ’ उच्चारताना जीभ आधीच मागे असते, म्हणून तेथे फरक थोडाच राहतो. ‘सूरा’ म्हणजे कुराणातील अध्याय आणि ‘स़ूरा’ म्हणजे चित्र, हे शब्द नवशिक्याला सर्वांत अवघड जातात ते यामुळेच. ‘ई’ची गोष्ट वेगळी आहे. ‘ई’साठी जीभ वर आणि पुढे जावी लागते, जडपणा तिला खाली आणि मागे ओढतो, आणि या ओढाताणीत ‘ई’च्या आरंभी एक निसटता ‘अ’सारखा सूर डोकावतो; स्वराचा मध्य येईपर्यंत जीभ आपल्या जागी पोचते आणि शेवट स्वच्छ ‘ई’चा होतो. ‘तीन’ म्हणजे अंजीर आणि ‘त़ीन’ म्हणजे चिखल, हे दोन शब्द सावकाश ऐकले तर फरक ‘ई’च्या सुरुवातीलाच सापडतो. ऱ्हस्व ‘इ’ला सावरायला तेवढा वेळच मिळत नाही, म्हणून ती संपूर्णच मधल्या स्वराकडे ढळते.

अरबी व्याकरणकारांनी हे फार पूर्वी टिपले होते. आठव्या शतकात बसऱ्याला शिकलेल्या सीबवैहीने जिभेने टाळूला झाकण घालण्याच्या क्रियेला ‘इत़बाक़’ म्हटले, आणि पुढे असेही लिहिले की हे झाकण नसते तर त़ाचा दाल झाला असता, स़ादचा सीन झाला असता, ज़ाचा ज़ाल झाला असता आणि द़ाद तर भाषेतूनच गेला असता, कारण त्याच्या जागी उच्चारला जाणारा दुसरा ध्वनीच नाही. (या यादीतला ज़ाल म्हणजे दातांमध्ये जीभ धरून काढलेला साधा ध्वनी, देवनागरीत तो निराळा दाखवता येत नाही.) त़ाची जोडी त्याने ‘त’शी न लावता ‘द’शी लावली, यावरून त्या काळचा त़ा सघोष असावा असा तर्क अभ्यासक करतात. आपल्या विषयाला त्याची दुसरी नोंद अधिक महत्त्वाची आहे: ‘आ’च्या छटा सांगताना त्याने ‘इ’कडे झुकणारा आ वेगळा काढला आणि हिजाझच्या, म्हणजे मक्का-मदिनेकडच्या, लोकांच्या तोंडी ‘स़लात’, ‘जकात’, ‘हयात’ या शब्दांत येणारा जाड आ वेगळा काढला. म्हणजे स्वराच्या छटा व्यंजनाइतक्याच लक्षपूर्वक ऐकण्याची परंपरा बाराशे वर्षांची आहे. कुराणपठणाच्या शास्त्रात, म्हणजे तज्वीदमध्ये, जाड करण्याला ‘तफ़ख़ीम’ आणि पातळ करण्याला ‘तरक़ीक़’ म्हणतात. त्यात नेहमी जाड राहणारी सात अक्षरे सांगितली आहेत: ख, स़, द़, ग़, त़, क़ आणि ज़. त्यातला सर्वांत मार्मिक नियम अलिफविषयी आहे: दीर्घ ‘आ’ला स्वतःचा जाडपणा किंवा पातळपणा नाही, तो आधीच्या अक्षराप्रमाणे वागतो. कोकणात किंवा मराठवाड्यात लहानपणी मदरशात तज्वीद शिकलेल्या मराठी भाषकांना हा नियम पाठ असतो, आणि अरबी ध्वनिशास्त्र शिकताना ते इतरांपेक्षा पुढून सुरुवात करतात.

बोलीत मात्र शेजारच्या एका ‘आ’वर हे थांबत नाही. १९६३ साली वॉल्टर लेन यांनी कैरोच्या अरबीविषयी लिहिताना असे मांडले की जडपणाचे लहानात लहान क्षेत्र एक व्यंजन नसून एक संपूर्ण अक्षर, म्हणजे व्यंजन आणि त्याचा स्वर मिळून, असते. ‘जड स आणि साधा आ’ अशी जोडी कैरोत असूच शकत नाही. प्रत्यक्षात कैरोत बहुतेक वेळा संपूर्ण शब्द जड होतो, जड व्यंजन शब्दात कोठेही असो. दुसरे टोक सौदी अरबस्तानातील अब्हा या शहराच्या बोलीत सापडते. तेथे परिणाम क्वचितच लगतच्या स्वरापलीकडे जातो. कैरोची ध्वनिफीत ऐकून तयार झालेला विद्यार्थी अब्हाच्या माणसाचे बोलणे ऐकतो तेव्हा त्याला जड व्यंजने गळून गेल्यासारखी वाटतात. ती गळालेली नसतात, त्यांचा पसारा तेवढा आखूड असतो.

पॅलेस्टाइनच्या बोलींत जे घडते ते मला सर्वांत उद्बोधक वाटते, आणि विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच आहे. स्टुअर्ट डेव्हिस यांनी १९९५ मध्ये दक्षिणेकडील पॅलेस्टिनी बोलीचे जे विश्लेषण केले, त्यात जडपणा डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळ्या नियमांनी पसरतो. डावीकडे म्हणजे शब्दाच्या आरंभाकडे. येथे अरबी लिपीची दिशा मनात आणू नये, बोलण्यातला आधी-नंतरचा क्रम घ्यावा. आरंभाच्या दिशेने त्याला काहीच अडवत नाही. ‘नशात़’ म्हणजे उत्साह आणि ‘खय्यात़’ म्हणजे शिंपी. दोन्ही शब्दांत जड व्यंजन अगदी शेवटी आहे, तरी पहिल्या अक्षरापासून सारे स्वर मागे गेलेले असतात. शब्दाच्या शेवटाकडे जाताना मात्र ‘इ’, ‘य’, ‘श’ आणि ‘ज’ हे ध्वनी वाटेत आले की जडपणा तेथेच थांबतो. ‘स़बाह’ म्हणजे सकाळ, हा शब्द पूर्ण जड आहे, कारण वाटेत अडथळा नाही. ‘स़य्याद’ म्हणजे शिकारी. येथे ‘य’ आडवा येतो आणि शेवटचा ‘आ’ हलका राहतो. ‘त़ीनक’ म्हणजे तुझा चिखल. ‘ई’नंतरचा ‘अ’ हलका. आणि ‘अत़्शान’ म्हणजे तहानलेला: ‘श’ने वाट अडवली, म्हणून पॅलेस्टिनी तोंडी शेवटचा ‘आ’ पुढे सरकलेला, हलका, कैरोत ‘श’ ही अडचण नसल्यामुळे तोच ‘आ’ जड. ‘खय्यात़’ आणि ‘स़य्याद’ यांचा साचा एकच आहे, दोहोंत मध्ये ‘य्य’ आहे, आणि तरीही एक पूर्ण जड व दुसरा अर्धाच जड, हे लक्षात घेतले की दिशेचा नियम पुन्हा विसरत नाही.

अडवणारे ध्वनी हेच का, याचे उत्तर जिभेच्या हालचालीतच आहे. ‘इ’, ‘य’, ‘श’ आणि ‘ज’ या चारही ध्वनींत जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो. जडपणाला नेमके उलटे हवे असते. दोन विरुद्ध मागण्या एकाच अवयवावर आल्या की एकीला माघार घ्यावी लागते. आणि हा अडथळा शेवटाकडेच का? पुढे येणाऱ्या ध्वनीची तयारी आधीपासून करणे हा बोलण्याच्या नियोजनाचा भाग आहे आणि अशी तयारी बरीच आधी सुरू होऊ शकते. उलट मागे राहिलेला परिणाम हा केवळ जिभेच्या सवडीने ओसरत जातो, म्हणून तो सहज तुटतो. सर्व बोलींना हे स्पष्टीकरण सारखेच लागू पडते असे मी म्हणणार नाही, पण पॅलेस्टिनी बोलीपुरते ते मला पटते.

आतापर्यंत चार व्यंजनांविषयी बोललो, पण बोलींत जड ध्वनी चारच नाहीत. ‘र’ दोन प्रकारचा असतो. कैरोत ‘गारी’ या एकाच दिसणाऱ्या शब्दाचे दोन उच्चार आहेत: हलक्या ‘आ’चा ‘गारी’ म्हणजे वाहता, चालू, जड ‘आ’चा ‘गारी’ म्हणजे माझा शेजारी. पहिल्या शब्दात शेवटची ‘इ’ धातूच्या घडणीचाच भाग आहे आणि ती ‘र’ला हलका करते, दुसऱ्यात मूळ शब्द ‘गार’ जड ‘र’चा आहे आणि ‘माझा’ या अर्थाची ‘ई’ बाहेरून जोडलेली असल्याने तिचा ‘र’वर अंमल चालत नाही. ‘अल्लाह’मधला ‘ल’ही असाच: आधी ‘अ’ किंवा ‘उ’ असेल तर जड, ‘बिस्मिल्लाह’प्रमाणे आधी ‘इ’ असेल तर हलका. याहून पेचाचे शब्द म्हणजे कैरोतले ‘बाबा’, ‘मामा’ म्हणजे आई, आणि ‘मय्या’ म्हणजे पाणी. त्यांत चार जड व्यंजनांपैकी एकही नाही, तरी स्वर पूर्ण मागे गेलेले असतात.

पडजिभेजवळचे क़, ख, ग़ हेही ‘आ’ला मागे खेचतात, पण त्यांची सत्ता लगतच्या स्वरापुरती असते, शब्दभर पसरत नाही. प्रमाण अरबीतील ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा यांत स्वर वेगळा ऐकू येतो तो याच कारणाने. कैरोत क़च्या जागी नुसता कंठातला झटका येतो, आणि लगेच हृदयाचा ‘अ’ही हलका होतो, मूळ कारणच गेले की परिणामही गेला. घशातला ‘ह’ आणि ‘ऐन’ यांना पुष्कळ शिकणारे जड व्यंजनांत मोजतात. ते बरोबर नाही. हे दोन ध्वनी ‘आ’ला खाली दाबून ठेवतात, वर चढू देत नाहीत, परंतु मागे नेत नाहीत. ‘हाल’ आणि ‘स़ाल’ लागोपाठ उच्चारून घेतले की हा भेद चटकन कळतो.

हा ‘वर चढू न देणे’ प्रकार समजला तर सीरिया-लेबनॉनच्या बोलीतले एक कोडे सुटते. तेथे स्त्रीलिंगी शब्दांचा शेवट बहुधा ‘ए’ होतो: शाळेला ‘मद्रसे’, पाचाला ‘ख़म्से’, सहाला ‘सित्ते’. पण सातासाठी ‘सब्अ’ आणि नवासाठी ‘तिस्अ’, कारण तेथे आधी ऐन आहे. आणि बदकाला ‘बत़्त़ा’, पिशवीला ‘शन्त़ा’, अंड्याला ‘बेद़ा’, कारण तेथे आधी जड व्यंजन आहे. व्याकरणाचा प्रत्यय एकच, पण त्याचा स्वर शेजारच्या व्यंजनावर अवलंबून. दमास्कसला गेलेल्या विद्यार्थ्याने प्रत्येक शब्दाचा शेवट स्वतंत्र पाठ करू नये. शेवटचे व्यंजन पाहावे. ‘र’च्या बाबतीत मात्र आणखी एक पाऊल मागे जाऊन त्याआधीचा स्वर पाहावा लागतो: ‘कबीर’चे स्त्रीलिंग ‘क्बीरे’, पण मोटार ‘सय्यारा’.

बगदादमध्ये परिणाम याहून पुढे गेला आहे. तेथे शब्दाच्या आरंभीच्या मोकळ्या, म्हणजे स्वराने संपणाऱ्या, अक्षरातला ऱ्हस्व ‘अ’ बदलतो, आणि काय होतो हे शेजारावर ठरते: ‘समक’ म्हणजे मासा तो ‘सिमच’ झाला, पण ‘बस़ल’ म्हणजे कांदा तो ‘बुस़ल’ झाला आणि पाऊस ‘मुत़र’ झाला. साध्या व्यंजनांत ‘इ’, आणि ओष्ठ्य व जड व्यंजनांच्या सहवासात ‘उ’. ज्याला आपण छटा म्हणत होतो ती येथे वेगळा स्वर होऊन बसली. मोरोक्कोत ‘इ’ आणि ‘उ’ जड शेजारात अनुक्रमे ‘ए’ आणि ‘ओ’कडे उतरतात, आणि साधा ‘त’ तेथे ‘त्स’सारखा ऐकू येत असल्याने ‘त़’ ओळखायला आणखी एक खूण मिळते.

विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाचा सर्वांत चांगला पुरावा मात्र माल्टा बेटावर आहे. माल्टी भाषा अरबीतूनच निघालेली, आज लॅटिन लिपीत लिहिली जाणारी. तिने जड व्यंजने पूर्णपणे टाकून दिली. ‘स’ आणि ‘स़’ तेथे एक झाले, ‘त’ आणि ‘त़’ही. पण शब्द एक झाले नाहीत. उन्हाळा तेथे ‘साय्फ’ आहे आणि तलवार ‘सेय्फ’. अंजीर ‘तीन’ आहे आणि चिखल ‘ताय्न’. वर सांगितलेला ‘ई’च्या आरंभीचा निसटता ‘अ’ तेथे पूर्ण स्वर बनून राहिला. दार ‘बीएब’ झाले आणि ‘होता’ या अर्थाचा ‘कान’ हा शब्द ‘कीएन’ झाला, पण जड व्यंजन असलेले ‘स़ार’ म्हणजे झाला आणि ‘त़ार’ म्हणजे उडाला हे ‘सार’, ‘तार’ असेच उरले. कारण नाहीसे झाले आणि परिणाम मागे राहिला. पिढ्यानपिढ्या ऐकणाऱ्यांचा कान स्वरावरच विसंबून होता, अन्यथा व्यंजनांचा भेद पुसला गेल्याबरोबर हे शब्द एकमेकांत मिसळून गेले असते.

मग मुख्य भूमीवरच्या अरबीतही हा स्वरांचाच भेद का मानू नये? काही अभ्यासकांनी तसे मानले आहे, आणि कैरोचे ‘बाबा’, ‘मय्या’ हे शब्द त्यांच्या बाजूचे आहेत. मी तरीही व्यंजनाच्या बाजूने आहे. जडपणा ‘अ’, ‘इ’, ‘उ’ या तिन्ही स्वरांना एकदम बाधतो. स्वरभेद मानला तर तीनही स्वरांच्या दुप्पट याद्या कराव्या लागतील आणि कैरोत शब्दातले सगळे स्वर बहुधा एकाच बाजूचे का असतात हे सांगता येणार नाही. शिवाय स्वराखेरीज दुसऱ्या खुणाही आहेत. अनेक बोलींत साध्या ‘त’नंतर थोडा श्वास सुटतो, ‘त़’नंतर सुटत नाही, म्हणजे श्वासाच्या बाबतीत अरबी ‘त’ आपल्या ‘थ’कडे किंचित झुकतो आणि ‘त़’ आपल्या ‘त’सारखा अल्पप्राण असतो.

परक्या शब्दांना अरबीत घेताना काय होते तेही पाहण्यासारखे आहे, कारण तेथे कानाचा कौल उघड दिसतो. युरोपीय भाषांत आणि तुर्कीत जड व्यंजने नाहीत, तरी इटालियन ‘साला’ म्हणजे दिवाणखाना इजिप्तमध्ये ‘स़ाला’ झाला, टोमॅटोचा ‘त़मात़िम’ झाला, इटलीचे नाव त़ाने लिहिले जाते, आणि खोली या अर्थाचा तुर्की ‘ओदा’ कैरोत ‘ओद़ा’ झाला. याउलट ‘सीनेमा’ साध्या ‘स’चा आणि ‘तिलिफोन’ साध्या ‘त’चा. अरबी कानाने मागचा, जाडसर स्वर ऐकला आणि त्याला साजेसे व्यंजन निवडले. हा पक्का नियम नाही, कल आहे. पण बराच बळकट कल आहे.

आता मराठी भाषकाची अडचण. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेल्या ‘साहेब’, ‘तबियत’, ‘मजबूत’, ‘खास’ या शब्दांत मूळची जड व्यंजने होती, पण फारसीनेच ती साधी करून टाकली होती; त्यामुळे अशा शब्दांचा परिचय उच्चाराच्या कामी येत नाही. शिकणारा मग ‘त़’च्या जागी ‘ट’ घालतो. हे अगदी निराधार नाही. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी ओठांचे गोलावणे, मूर्धन्य उच्चार आणि अरबी जडपणा यांना ध्वनीच्या एकाच गुणाखाली आणले होते, कारण तिन्हींत वरच्या कंपनसंख्या खाली येतात. तरी ‘ट’ नको. मूर्धन्य ध्वनीत जिभेचे टोक वळते आणि प्रामुख्याने तिसरा फॉर्मंट उतरतो. ‘त़’मध्ये टोक दातांपाशीच राहते आणि उतरतो दुसरा. अरबी माणसाला आपला ‘ट’ चमत्कारिक वाटतो, जड वाटत नाही.

खरी अडचण व्यंजनाहून आपल्या ‘आ’ची आहे, आणि शिकवणाऱ्यांकडून ती सर्रास सुटते. मराठी ‘आ’ जिभेच्या मधल्या भागाचा आहे. अरबीतला साधा ‘आ’ त्याच्या पुढे आहे आणि जड शेजारातला त्याच्या मागे. मराठी माणूस दोन्ही ठिकाणी आपला मधला ‘आ’ वापरतो, आणि व्यंजन कितीही घासूनपुसून उच्चारले तरी अरबी ऐकणाऱ्याला शब्द अधांतरी वाटतो. म्हणून केवळ जड बाजू शिकून भागत नाही. हलका ‘आ’सुद्धा पुढे ढकलावा लागतो. ऱ्हस्व ‘अ’चेही तसेच: आपला ‘अ’ अर्धवट उघड्या तोंडाचा आहे, अरबीचा अधिक उघडा, तो तसाच ठेवला तर ‘सब्ब’ म्हणजे शिवी दिली आणि ‘स़ब्ब’ म्हणजे ओतले यांतले अंतर मिटून जाते.

सरावासाठी माझा क्रम ठरलेला आहे. आधी व्यंजन बाजूला ठेवून फक्त दोन ‘आ’ एकामागून एक उच्चारावेत, ओठ आरशात पाहून. मागचा ‘आ’ काढताना ओठ गोल झाले तर ते ‘ऑ’ आहे, जडपणा नव्हे. दोन्ही स्वर स्वतंत्रपणे साधले की मागच्या ‘आ’ची स्थिती धरूनच ‘स’ उच्चारावा. ‘स़’ आपोआप तयार होतो, आणि आधी ‘स़’ साधून मग स्वर शोधण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी लवकर फळ देतो. त्यानंतर सुटे अक्षर सोडून पूर्ण शब्द एका दमात म्हणावा, कारण ‘स़बाह’ हा शब्द जड ‘स़’ अधिक साधा ‘बाह’ असा जोडून म्हटला तर कोणत्याही बोलीचा माणूस बिचकतो. जड व्यंजन मोठ्याने, लांबवून किंवा घसा आवळून म्हणण्याची सवय लागली असेल तर ती मोडावी. जडपणात जोर नसतो, जिभेची जागा असते, आणि कुजबुजत बोलतानाही तो पूर्ण टिकतो. कुजबुजीत सराव करणे म्हणूनच उपयोगी पडते. ज्यांना आकडे पाहिल्याशिवाय खात्री पटत नाही त्यांनी ‘प्रात’ हे ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेले मोफत सॉफ्टवेअर घ्यावे, स्वतःचे ‘बस्स’ आणि ‘बस़्स़’ ध्वनिमुद्रित करावेत आणि दुसऱ्या फॉर्मंटची रेघ ताडून पाहावी. दोन्ही शब्दांत ती एकाच उंचीवर दिसली तर व्यंजनाकडे पाहण्याची वेळ अजून आलेली नाही.

बोली मात्र आधी ठरवून घ्यावी. इजिप्शियन चित्रपट पाहून ‘अत़्शान’ शिकला आणि नोकरी पॅलेस्टाइनशेजारच्या अम्मानला लागली, तर समजण्यात अडचण येणार नाही. फक्त शेवटच्या ‘आ’वरून समोरचा माणूस विचारील, कैरोला शिकलात काय?